गाडी सुटेपर्यंतचा दिवस

खानदेशाला समुद्र नाही, तरीही आम्हां जळगावकरांना बंदराच्या गावचे बरेचसे गुण चिकटले आहेत. मुंबईहून उत्तरेकडे व नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या जळगावला थांबतात. प्रवासी सकाळी उतरतो, सामान स्टेशनवर किंवा एखाद्या नातेवाइकाकडे टाकतो आणि रात्रीच्या गाडीने पुढे जातो. मधला दिवस त्याच्या हाती असतो. या दिवसाचे काय करावे, हा प्रश्न तो आपल्यालाच विचारतो आणि आपण सर्वजण ठरलेले उत्तर देतो, "अजिंठा पाहून या!"

उत्तर चुकीचे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांची योग्यता मी सांगायला नको. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडल्यापासून जगभरचे लोक तेथे येत आहेत, आणि १९८३ साली त्यांची गणना जागतिक वारशात झाली. परंतु 'अजिंठा' एवढे बोलून आपण पाहुण्याच्या प्रश्नातून मोकळे होतो, ही गोष्ट मला खटकते. म्हणून या लेखात अजिंठ्याखेरीजच्या काही शांत स्थळांचा आणि ती निवडण्याच्या रीतीचा विचार करावयाचा आहे.

समुद्रपर्यटन करणाऱ्या मोठ्या जहाजांच्या प्रवाशांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. जहाज सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. इटलीतील चिविताव्हेक्या हे बंदर रोमचे म्हणून ओळखले जाते, पण रोम तेथून सत्तरएक किलोमीटर दूर आहे. बहुतेक प्रवासी रोमकडे धावतात. काही जाणते मात्र जवळच्या तार्क्वीनिया गावी जातात. तेथे रोमच्या वैभवापूर्वीच्या एट्रुस्कन लोकांची थडगी असून त्यांच्या भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. दिवस तोच, पण त्यातला रस्त्यावरचा वेळ कमी आणि पाहण्याचा वेळ अधिक.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. जळगावपासून अजिंठा सुमारे साठ किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्याला आपले वाहन सोडावे लागते व पुढचे चारेक किलोमीटर तेथल्या बसने जावे लागते. जाण्यायेण्यात चार तास सहज मोडतात. लेणी नीट पाहायची तर आणखी तीन-चार तास हवेत. सोमवारी लेणी बंद असतात, हे तर अनेकांना फाट्यावर पोचल्यावरच कळते. ज्याच्या हाती आठ तासांहून कमी वेळ आहे, त्याने अजिंठ्याचा मोह आवरावा हे बरे.

अशा पाहुण्याला तीन-चार तासच असतील, तर मी जळगावातच फिरवीन. गावाला लागूनच आसोदे आहे. १८८० साली बहिणाबाई चौधरी तेथे जन्मल्या. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात त्यांच्या संसारातील वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. स्वतः लिहू-वाचू न शकणाऱ्या या बाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती ज्या घरात, ज्या शेतवाटांवर सुचली त्या पाहिल्या, की आपली बोली ऐकण्याचा कानच बदलतो. भुसावळच्या वाटेवर लगेचच भादली स्टेशन लागते. धरणगावात जन्मलेल्या बालकवींचा १९१८ च्या मे महिन्यात येथेच रेल्वेखाली अंत झाला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. मुद्दाम उतरून पाहावे असे तेथे काही नाही, परंतु गाडी तेथून जात असताना पाहुण्याला हे सांगावे.

वेळ थोडा अधिक असेल तर चाळीसगावचा विचार करावा. मुंबईच्या बाजूने येणाऱ्याला हे स्टेशन आधीच लागते. स्टेशनपासून जवळच केकी मूस यांचा बंगला आहे. विलायतेत छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन आलेला हा कलावंत १९८९ साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे क्वचितच घराबाहेर पडला. टेबलावर लहान वस्तूंची मांडणी करून त्यांनी काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. पंजाब मेलने येण्याचे वचन दिलेल्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत, अशी आख्यायिका चाळीसगावात सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी चित्रे, शिल्पे, छायाचित्रे यांनी भरलेले ते घर दोन तास सहज धरून ठेवते.

सबंध दिवस असेल तर चाळीसगावहून सुमारे अठरा किलोमीटरवरील पाटणादेवीला जावे. गौताळा अभयारण्याच्या कुशीत चंडिकादेवीचे देऊळ आहे. येथल्या एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापल्याचे व निकुंभ राजांनी त्याला देणगी दिल्याचे नमूद आहे. 'लीलावती'चे अध्ययन ज्या रानात चालावे म्हणून राजाने दान दिले, ते रान आपल्या जिल्ह्यात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

भुसावळकडे उतरणाऱ्याने तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे पुरातन देऊळ पाहावे. हा चांगदेव वेगळा, वाघावर बसून ज्ञानदेवांच्या भेटीला गेलेला योगी. त्याला उपदेश करणाऱ्या मुक्ताईचे स्थान मुक्ताईनगरजवळ कोथळीला आहे. यात्रेचे दिवस सोडले तर दोन्ही ठिकाणी निवांतपणा असतो.

धुळ्याला जाणाऱ्याची आवड थोडी निराळी हवी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले. त्यानंतर लगेच, १९२७ साली, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देव यांनी मिळविलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. ज्याला शेतीपाण्यात गोडी आहे त्याने साक्री तालुक्यात पांझरेकाठची फड पद्धत समजून घ्यावी. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असायची. पाणी कमी पडले तर एखाद्या फडाला ते द्यायचे नाही. साहजिकच तोटा सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या, गावानेच नेमलेले. कित्येक शतके चाललेली ही व्यवस्था आता पूर्वीइतकी उरली नाही, म्हणून तर ती जाणणारी माणसे आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घेणे अगत्याचे.

निवड कशी करावी, याचे माझे नियम साधे आहेत. पहिला, परतीच्या गाडीची वेळ आधी लिहावी आणि तिच्या दीड तास अगोदर स्टेशनवर पोचू अशा बेताने मागे मोजत यावे. जहाजाचा कप्तान जसा थांबत नाही, तसा आपला गार्डही थांबत नाही. दुसरा, दिवसाला एकच दिशा धरावी. सकाळी चांगदेव आणि दुपारी पाटणादेवी असा बेत म्हणजे दिवसभर बसची खिडकी. तिसरा, संग्रहालय किंवा ग्रंथालय असेल तर ते उघडे आहे की नाही याची चौकशी आदल्या दिवशी करावी. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. अशा ठिकाणी दाखविणारा माणूस व फलक बहुधा नसतात, म्हणून घरून काही वाचून, एखादा प्रश्न मनात घेऊन निघावे. अजिंठ्याला पद्मपाणी कोठे आहे हे कोणीही दाखवील. पाटण्याला भास्कराचार्यांचे नाव आपल्यालाच आठवावे लागते.

"आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही हो," असे पाहुण्याला सांगणारे आपणच असतो. ज्या स्थळाचे नाव गावकरीच घेत नाहीत, त्याच्या पडझडीची तक्रारही कोणी करीत नाही. देऊळ हळूहळू ढासळते, पोथीला वाळवी लागते, पाटकऱ्याच्या मुलाला फडाचा हिशेब येत नाही. गर्दी व्हावी असे मी म्हणत नाही. माणसांच्या श्वासाने आणि दमटपणाने अजिंठ्याच्या चित्रांना धोका पोचतो म्हणून तेथे एका वेळी आत सोडावयाच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली आहे. पण वर्षाकाठी शंभर-दोनशे जाणती माणसे आली, त्यांनी चौकशी केली, तर राखणाऱ्यालाही हुरूप येतो.

आपल्या महाविद्यालयात इतिहास, मराठी व भूगोल हे तिन्ही विषय शिकविले जातात. या विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका कागदावर स्थळ, स्टेशनपासूनचे अंतर, बसच्या वेळा, बंद असण्याचा वार आणि पाहण्याजोगी एक गोष्ट एवढेच लिहून काढावे. मात्र त्याआधी प्रत्येकाने निदान एका स्थळी स्वतः जाऊन यावे. सुटीच्या दिवशी सकाळी निघाले तर संध्याकाळच्या जेवणाला घरी येता येते.