होडीवर हुकूम, किनाऱ्यावर सल्लामसलत

मुंबईतील खारदांड्याच्या किनाऱ्याला लागलेली प्रत्येक यांत्रिक होडी हा एक स्वतंत्र उद्योग आहे. भांडवल नाखव्याचे, नेतृत्व तांडेलाचे, श्रम खलाशांचे आणि मासळीचा पैसा करण्याचे कसब कोळणींचे. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिल्यापासून कर्ज, वीजदर आणि विमा यांचीच चर्चा आहे. पण स्वस्त भांडवल मिळाले म्हणून धंदा आपोआप चालत नाही. तो चालवावा लागतो, आणि चालवण्याचे हे शास्त्र दांड्याला नवे नाही.

फ्रान्समधील खाण अभियंता आँरी फेयॉल यांनी 1916 मध्ये व्यवस्थापनाची 5 कार्ये मांडली : नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. 1888 पासून ते एक मोठी खाण कंपनी सांभाळत होते. त्या अनुभवातून आलेली ही विभागणी कोळीवाड्यालाही चपखल बसते.

नियोजन पावसाळ्यातच सुरू होते. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत होडी किनाऱ्यावर असते, पण काम थांबत नाही. जाळी विणणे-सांधणे, इंजिनाची दुरुस्ती, खलाशांची उचल, डिझेलची तजवीज हे सारे याच काळात उरकावे लागते. हंगाम सुरू झाला की वेळापत्रक चंद्राच्या हाती जाते. डोल जाळे प्रवाहाच्या तोंडावर लावलेले असते. पुनव-अवसेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा जवळा, कोलंबी, बोंबील जाळ्यात येतात. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत ओढ मंदावते आणि मासळीही घटते. त्यामुळे तिथी पाहून खर्च आखणे हे इथले नियोजन.

समन्वयाची खरी कसोटी बोंबील घेतो. या मासळीत पाण्याचा अंश भरपूर असल्याने ती लवकर नासते. होडी लागण्याची वेळ, बर्फ, टेम्पो आणि बाजार यांचा मेळ चुकला तर भाव पडतो. ताजा माल खपला नाही तर वलांडीवर (बांबूच्या मांडणीवर) वाळवण्याचा पर्याय उरतो, आणि हा निर्णय बहुधा घरातल्या बायकाच घेतात. नियंत्रण म्हणजे हिशेब. वाट्याच्या पद्धतीत डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. होडी आणि जाळ्याचाही त्यात वाटा असतो. हिशेब सर्वांसमोर झाला तर खलाशी टिकतो.

नेतृत्वाच्या शैलींचा प्रश्न इथून पुढे येतो. कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये मुलांच्या गटांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत हुकमी, लोकशाही आणि मोकळीक देणारी अशा 3 शैली तपासल्या होत्या. हुकमी नेता खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. लोकशाही गटात ते चालू राही. त्यावरून सल्लामसलत नेहमीच श्रेष्ठ, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तांडेलाचे काम पाहिले की तो अपुरा ठरतो. वारा फिरला आणि जाळे पाण्यात असले, तर ते ओढायचे की दोर कापायचा यावर मतदान घेता येत नाही. तिथे एकाचाच शब्द चालला पाहिजे.

त्याच तांडेलाने किनाऱ्यावर तोच सूर लावला तर मात्र माणसे दुरावतात. फ्रेड फीडलर यांनी 1967 मध्ये मांडले की शैलीचे यश परिस्थितीवर ठरते, तर हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडले की शैली माणसांच्या तयारीनुसार बदलावी. आज अनेक होड्यांवर परप्रांतांतून आलेले खलाशी काम करतात. समुद्र प्रथमच पाहणाऱ्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, मुरलेल्याला नुसती खूण पुरते. दोघांना एकाच पद्धतीने वागवणारा तांडेल चांगला नाविक असेल, चांगला नेता नव्हे.

होडीच्या वरची पायरी म्हणजे मच्छिमार सहकारी संस्था. डिझेलवरील कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, पण डिझेलचे पैसे आधी भरावे लागतात. हातात रोकड ठेवणे हे म्हणूनच मोठे व्यवस्थापकीय काम आहे, आणि ती रोकड मासळी विकणाऱ्या कोळणीकडून येते. गिऱ्हाईक ओळखणे, भाव ठरवणे, उधारी वसूल करणे ही विक्री व वित्त विभागांची कामे ती रोज करते. सहकार कायद्याने व्यवस्थापन समितीत महिलांसाठी 2 जागा राखून ठेवल्या आहेत. धंद्याचा निम्मा भार उचलणाऱ्यांना 2 जागा अपुऱ्या आहेत. कृषीसमकक्ष दर्जासोबत येणारे कर्ज कुठे गुंतवायचे, हे ठरवताना कोळीवाड्यातील संस्थांनी या बायकांना समितीत बरोबरीचे स्थान द्यावे. पैशाचा हिशेब ज्यांना रोज जमतो, त्यांचा शब्द निर्णयातही चालला पाहिजे.