मडी वॉटर्स: तेच गाणं, दोनदा

आता मडी वॉटर्सची दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवू. पहिलं १९४१चं, मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर अ‍ॅलन लोमॅक्स यांनी केलेलं. गिटार साधी, गाणारा ट्रॅक्टरचालक. दुसरं १९४८चं, शिकागोतलं, ‘आय फील लाइक गोइंग होम’. मूळ गाणं तेच. पण गिटार आता विजेवरची, आणि साथीला बिग क्रॉफर्डचा बास. बस, एवढंच.

वीज आली ती खरं तर गुत्त्यातल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून. पण झालं वेगळंच. करंगळीत घातलेली नळी तारेवरून सरकते, तेव्हा सूर दोन स्वरांच्या मधे रेंगाळतो; आपल्याकडची मींड म्हणा हवं तर. साध्या गिटारीवर तो चटकन विझायचा. आता टिकतो, थरथरतो. त्यामुळे गायकाला ओरडावं लागत नाही. घरी जावंसं वाटतंय, एवढं तो म्हणतो. रडायचं काम गिटारीकडे.

आणि ऐकणारे कोण? त्याच्यासारखेच दक्षिणेतून कारखान्यांत, कत्तलखान्यांत कामाला आलेले. मळ्यावर गाताना तो आपल्या मुलखातच होता. शिकागोत तो खरोखर दूर होता, आणि मला तरी ते आवाजात ऐकू येतं. त्या रेकॉर्डच्या पहिल्या प्रती बघता बघता संपल्या.