सोंग एक, नट सहा

आपल्याकडे सुगी आटोपली की बहुरूपी गावात येतो. आज फौजदार होऊन दारात उभा राहतो, उद्या वैद्यबुवा, परवा आणखी कोणी. माणूस एकच, सोंगे अनेक. आज ज्याची हकीकत सांगायची आहे त्याची तऱ्हा नेमकी उलटी आहे. तेथे सोंग एकच, आणि ते वठवणारी माणसे सहा. त्या सोंगाचे नाव जेम्स बॉण्ड, विलायतेचा पडद्यावरचा गुप्तहेर, क्रमांक शून्य शून्य सात. १९६२ पासून २०२१ पर्यंत त्याच्या मुख्य मालिकेचे २५ चित्रपट निघाले. इतकी वर्षे लोकांना एकच सोंग पाहावेसे वाटत राहिले, हे नवलच. पण त्याहून मोठे नवल २००२ ते २००६ या चार वर्षांत घडले. धंदा जोरात चालू असताना मालकांनी आपणहून दुकानाच्या फळ्या लावल्या, आतला अर्धा माल काढून टाकला, आणि मग दुकान पुन्हा उघडले. असे त्यांनी का केले आणि पुढे काय झाले, ते पाहू.

प्रथम मूळ कथेची ओळख करून घेऊ. इयन फ्लेमिंग हा इंग्रज लेखक. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश आरमाराच्या हेरखात्यात अधिकारी होता. युद्धानंतर त्याने जमैका बेटावर घर बांधले आणि तेथे १९५२ च्या आरंभी ‘कॅसिनो रॉयल’ ही पहिली कादंबरी लिहिली. ती १९५३ साली छापून निघाली. नायकाला त्याला अगदी साधे, रोजच्यातले नाव हवे होते. त्याच्याजवळ वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवरचे एक पुस्तक होते. त्या पुस्तकाच्या लेखकाचे नाव जेम्स बॉण्ड. तेच त्याने उचलले. पाखरांचा अभ्यास करणाऱ्या एका सज्जनाचे नाव असे कायमचे पिस्तुलाशी जोडले गेले!

हेर म्हटला की आपल्याला शिवाजी महाराजांचा बहिर्जी नाईक आठवतो. वेष पालटावा, गर्दीत मिसळावे, आणि आलो कधी नि गेलो कधी हे कोणाला कळू देऊ नये, ही हेराची रीत. बॉण्डचे सगळेच विपरीत. हा जाईल तेथे उंची पोशाखात जातो, आणि शत्रूलासुद्धा आधी आडनाव, मग पूर्ण नाव, असे दोनदा सांगतो. खरा हेर असा वागला तर दुसऱ्या दिवशीचा सूर्य पाहायचा नाही. तेव्हा ही हेरगिरीची गोष्ट नव्हेच, ही राजपुत्राची गोष्ट आहे, हे शिक्षकमित्रांनी मुलांना जरूर दाखवून द्यावे. समुद्रापलीकडचा राक्षस, त्याचा किल्ला, तेथली सुंदरी, आणि निघताना साधूने दिलेली जादूची वस्तू. साधूच्या जागी येथे क्यू नावाचा कारागीर असतो. तो कधी गोळ्या झाडणारी मोटार देतो, कधी करवतीसारखे कापणारे घड्याळ.

राजपुत्राच्या गोष्टीचा एक नियम असतो. त्याला म्हातारपण नाही, आणि कालचे दुःख आज नाही. १९६२ सालच्या ‘डॉक्टर नो’मध्ये शॉन कॉनरी हा पहिला बॉण्ड झाला. एडिंबरो शहरात एके काळी घरोघर दूध घालणारा हा माणूस! त्याच्यानंतर जॉर्ज लाझेनबी, रॉजर मूर, टिमोथी डाल्टन, पियर्स ब्रॉस्नन असे एकेक नट आले. १९६९ सालच्या चित्रपटात बॉण्ड लग्न करतो आणि शेवटी त्याच्या बायकोला कोणी गोळी घालते. पुढच्या चित्रपटात तो सुरुवातीला शत्रूमागे धावतो खरा, पण त्या बाईचे नावही निघत नाही. सुतकसुद्धा नाही. रॉजर मूर १९८५ साली शेवटचा बॉण्ड करत होता तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. बॉण्ड मात्र होता तेवढ्याच वयाचा राहिला.

असे चालले की सोंगावर दागिने चढत जातात. १९८३ सालच्या ‘ऑक्टोपसी’ या चित्रपटासाठी ही मंडळी आपल्या देशात, उदयपूरला आली होती. कबीर बेदी त्यात खलनायकाचा साथीदार झाला आणि टेनिसपटू विजय अमृतराज बॉण्डचा मदतनीस. त्या चित्रपटात ऑटोरिक्षाचा पाठलाग आहे, खिळ्यांची शय्या आहे, तलवार गिळणारा आहे, आणि जंगलात वाघ समोर आला तर बॉण्ड त्याला कुत्र्याला सांगावे तसे खाली बसायला सांगतो. वाघ बसतो! हसून घ्यावे, रागावू नये. पण वाघच जर ऐकू लागला तर राजपुत्राला भ्यायचे कशाला, आणि आपण तरी त्याच्यासाठी जीव मुठीत का धरायचा?

२००२ साली विसावा चित्रपट निघाला, ‘डाय अनदर डे’. त्यात बर्फाचा राजवाडा होता, आणि एक मोटार होती ती चक्क अदृश्य व्हायची. समुद्राच्या प्रचंड लाटेवरून बॉण्ड फळी घेऊन घसरत गेला, पण ती लाट संगणकावर काढलेली आहे हे लहान पोरालाही कळत होते. गल्ला मात्र तोपर्यंतच्या सर्व बॉण्डपटांहून अधिक जमला, सुमारे ४३ कोटी डॉलर. (पैशाची किंमत दरवर्षी घसरते हा हिशेब येथे सोडून दिला आहे.) बार्बरा ब्रोकोली आणि त्यांचे सावत्र बंधू मायकेल विल्सन हे निर्माते. धंदा त्यांच्याकडे वडिलांपासून आलेला. दुसरा कोणी असता तर त्याने एकविसाव्या चित्रपटात मोटारीला पंख लावले असते.

त्यांनी हात आवरला. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडलेले साऱ्या जगाने पाहिले होते, आणि त्यानंतर बर्फाच्या राजवाड्यातला राक्षस पोरखेळ वाटू लागला होता. ‘ऑस्टिन पॉवर्स’ नावाच्या विनोदी चित्रपटांनी बॉण्डच्या लकबींची इतकी टर उडवली होती की त्या लकबी गंभीर चेहऱ्याने करणे अवघड झाले होते. शिवाय २००२ सालीच ‘द बोर्न आयडेंटिटी’ हा चित्रपट आला. त्यातला हेर साध्या कपड्यांत, हाताला येईल त्या वस्तूने, जिवाच्या आकांताने मारामारी करत होता.

आणखी एक कारण होते, ते कागदपत्रांचे. फ्लेमिंगने पहिल्या कादंबरीचे हक्क फार आधी, बॉण्डला अजून कोणी ओळखत नसताना, दुसऱ्यांना विकून टाकले होते. १९५४ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर तिचे छोटे नाटक झाले. १९६७ साली दुसऱ्या निर्मात्यांनी त्याच नावाने एक प्रहसन काढले. मुख्य मालिकेच्या मालकांच्या हाती सगळा वाडा होता, पण वाड्याचे पहिले दालन परक्याच्या कुलपात! अखेर १९९९ साली दोन मोठ्या चित्रपट कंपन्यांत तडजोड झाली. एकीने स्पायडरमॅनवरचा दावा सोडला, दुसरीने बॉण्डवरचा. अशा रीतीने ‘कॅसिनो रॉयल’ घरी आली. हाती पहिली कादंबरी आली म्हणताच तिच्याबरोबर पहिलेपणही आले. हा माणूस असा का झाला, हे सांगण्याची सोय झाली.

ब्रॉस्ननला निरोप देण्यात आला. १४ ऑक्टोबर २००५ रोजी नवा बॉण्ड म्हणून डॅनियल क्रेग याचे नाव जाहीर झाले. तो लंडनला थेम्स नदीतून वेगवान होडीने आला, आणि अंगात बुडू नये म्हणून घालतात ते जाकीट! वर्तमानपत्रांनी याच गोष्टीवरून त्याला झोडपले. केस पिंगट-सोनेरी, चेहरा रांगडा, हा कसला बॉण्ड? काहींनी तर चित्रपट अजून तयार व्हायचा असताना बहिष्काराची मोहीम उघडली. दिग्दर्शक होता न्यूझीलंडचा मार्टिन कॅम्पबेल. ब्रॉस्ननचा पहिला बॉण्डपट, १९९५ सालचा, यानेच केला होता.

नोव्हेंबर २००६ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. सुरुवात कृष्णधवल. बॉण्ड अजून शून्य शून्य सात झालेला नाही. त्या क्रमांकासाठी दोन माणसे मारावी लागतात. पहिला खून एका मुतारीत होतो, आणि तो मुळीच देखणा नाही. धडपड, धापा, फुटलेली भांडी. मग रंग येतात आणि मादागास्करमधला पाठलाग सुरू होतो. पुढे पळणारा गडी मांजराच्या चपळाईने भिंतीच्या वरच्या झरोक्यातून निसटतो. मागून येणारा बॉण्ड काय करतो? भिंतच फोडून आरपार येतो. एवढ्या एका क्षणात नव्या माणसाची सगळी ओळख होते. ताकद आहे, जिद्द आहे, सफाई अजून नाही.

काढून काय टाकले ते पाहा. क्यू नाही. त्याचे जादूचे खेळ नाहीत. कचेरीतली मिस मनीपेनी नाही. प्रसिद्ध धूनसुद्धा दाबून ठेवली आहे. मद्य कसे हवे, हलवून की ढवळून, असे विचारताच पूर्वीचा बॉण्ड ऐटीत उत्तर द्यायचा. हा पत्त्यांत हरून आलेला आहे, तो विचारणाऱ्यावरच खेकसतो. राक्षसही बदलला. ल शीफ्र हा दहशतवाद्यांच्या पैशांचा मुनीम. सट्ट्यात लोकांचा पैसा घालवून बसला आहे आणि तो भरून काढण्यासाठी पोकरच्या डावाला बसतो. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीचा थोरला भाऊ समजा. कादंबरीत बॅकारा नावाचा डाव होता. जगाचे राज्य मागणारा खलनायक आपण पुष्कळ पाहिले, पण कर्जदारांच्या भीतीने घामाघूम झालेला खलनायक खरा वाटतो, कारण तसा माणूस आपण पाहिलेला असतो.

एक जागा तर मुद्दाम पाहावी. जिन्यात दोन माणसे मारून झाल्यावर बॉण्ड खोलीत येतो, आरशापुढे रक्त धुतो. त्याच्याबरोबर सरकारी पैशांची राखण करायला आलेली व्हेस्पर लिंड ही बाई त्या मारामारीची साक्षीदार. ती अंगावरच्या कपड्यांनिशी न्हाणीत पाण्याखाली बसून थरथरत असते. बॉण्ड फारसे बोलत नाही. तसाच भिजत तिच्या शेजारी बसतो. माणूस मेला की मागे काहीतरी उरते, ही साधी गोष्ट चाळीस वर्षांत या मालिकेने इतक्या स्वच्छपणे सांगितली नव्हती. पुढे तो हिच्यासाठी नोकरी सोडतो, ती दगा देते, व्हेनिसमध्ये बुडून मरते, आणि मग त्याला कळते की त्याचा जीव वाचावा म्हणूनच तिने सौदा केला होता. हे सारे झाल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, तो आपले नाव त्या जुन्या पद्धतीने उच्चारतो आणि तेव्हा कोठे धून वाजते. आजवर जी नुसती लकब होती, तिला येथे किंमत मोजावी लागली आहे. चित्रपटाने सुमारे ६० कोटी डॉलर मिळवले, आणि बहिष्कारवाले गप्प झाले.

चोखंदळ विद्यार्थी येथे एक अडचण काढील. गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, तर बॉण्डची वरिष्ठ अधिकारी एम म्हणून ब्रॉस्ननच्या काळातलीच ज्यूडी डेंच कशी? याला उत्तर नाही. नाटक कंपनीत मालक बदलला तरी उत्तम नटीला कोणी घरी पाठवत नाही, एवढेच.

पुढचे थोडक्यात. २००८ चा चित्रपट लेखकांच्या संपात सापडला, घाईत झाला, आणि तसाच दिसतो. २०१२ चा ‘स्कायफॉल’ मात्र भरीव. त्यात गोळी लागलेल्या बॉण्डचा हात कापतो, तो चाचणीत नापास होतो, आणि एम त्याच्या कुशीत मरते. या चित्रपटाने १०० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. त्यातली आगगाडीच्या टपावरची मारामारी आधी आपल्याकडे गोव्यात घ्यायचा बेत होता. टपावर बसलेले प्रवासी दाखवायचे नाहीत, अशी रेल्वेची अट होती. पण शेवटी ती तुर्कस्तानात घेतली गेली. २०१५ च्या ‘स्पेक्टर’मधली चुंबने आपल्या सेन्सॉर बोर्डाने कापून निम्मी केली आणि देशभर हशा झाला.

राजपुत्राला एकदा काळ लागू केला की तो अर्ध्यावर थांबवता येत नाही. जखम भरायला वेळ लागतो, वय वाढते, माणसे जातात. करोनाच्या साथीमुळे रखडलेला ‘नो टाइम टु डाय’ २०२१ च्या सप्टेंबरअखेर लागला, आणि त्यात जेम्स बॉण्ड मरतो. आपल्या स्पर्शाने आपल्याच लेकरालाही मृत्यू येईल असे विष अंगात भिनलेले, म्हणून तो बेटावरच उभा राहतो आणि वरून अग्निबाण येतात. अनेक जुन्या प्रेक्षकांना हे रुचले नाही. मला विचाराल तर २००६ साली व्हेस्परच्या शेजारी पाण्यात बसला, तेव्हाच तो मरू शकणारा माणूस झाला होता. तरीही श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी, जेम्स बॉण्ड परत येईल, ही नेहमीची ओळ आलीच.

मार्च २०२२ मध्ये अॅमेझॉन कंपनीने मालिकेतली भागीदार चित्रसंस्था ८४५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा व्यवहार पुरा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रोकोली आणि विल्सन यांनी कथेवरचा अधिकारही सोडला. त्याच वर्षी दनी विलनव्ह हे दिग्दर्शक आणि स्टीव्हन नाइट हे लेखक म्हणून जाहीर झाले. क्रेगच्या आधीच्या लेखकांना हे काम सोपे होते, कारण त्यांचा बॉण्ड कधी मेलाच नव्हता. नाइट यांच्यापुढे मात्र पहिल्याच पानावर एक मेलेला माणूस आहे.