सेकंदाला एक रुग्ण

तहानभूक, झोप सगळं विसरून सेकंदाला एक याप्रमाणे आकडे मोजत बसलात, तर 10 कोटींपर्यंत पोचायला 3 वर्षं 2 महिने लागतील. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तिने 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला. म्हणजे सरासरी काढली, तर सव्वातीन वर्षं, रात्रंदिवस, जवळजवळ दर सेकंदाला देशात कुणीतरी दूरच्या डॉक्टरला आपलं दुखणं सांगत होतं! डिसेंबर 2020 मध्ये हाच आकडा 10 लाख होता. पुढच्या सव्वादोन वर्षांच्या आत तो शंभरपट झाला.

आपल्या महाड तालुक्यातल्या दासगावच्या बंदरावरून पाहिलं की अंतराचा हिशेब आणखी थक्क करतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, ते दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले; तिथून महाड अजून पाच मैल होतं. आज काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई-दासगाव अंतर कापायला त्याला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो.

कातकरी वाडीवरून आरोग्य उपकेंद्रापर्यंत मात्र अजून पायीच जावं लागतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले कातकरी सुमारे 2 लाख 85 हजार. देशातल्या 75 अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी राज्यात तीन, त्यांतले हे एक. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर निघून जातात. डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष. पण वाडीच जागेवर नसेल तर ते तीन हजार मोजायचे कुठे? आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला डोंगराआड रेंजच मिळाली नाही, तर ई-संजीवनीवरून शहरातला डॉक्टर पडद्यावर येणार कसा?

अंतराने जीव कसा जातो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर पाहिलं. लाल विंचवाच्या विषाने फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावत. गंभीर रुग्णांमध्ये शंभरातले चाळीस. बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली आणि ते प्रमाण शंभरात एकावर आलं. बिरवाडी-महाडच्या रुग्णांवरचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. इतकं मोठं ज्ञान आपल्याच तालुक्यात जन्मलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण पडद्यावरून सल्ला येतो, गोळी येत नाही. ती आधीच उपकेंद्राच्या कपाटात असावी लागते, आणि 108 ची गाडी येईपर्यंत रुग्णाजवळ थांबणारी आशाताई वाडीवर असावी लागते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि दोनच प्रश्न विचारा: आपल्या उपकेंद्रात रेंज येते का? आणि प्राझोसिन शिल्लक आहे का?