दाढीचा फेस आणि उतारवयातील त्वचा

वडिलांची दाढी करून देण्याची वेळ आपल्यावर आली असेल, तर उतारवयातील त्वचा पात्याखाली कशी सरकते आणि किती चटकन सोलवटते, हे आपण पाहिलेच असेल. अशा वेळी दोष पात्याला दिला जातो. फेसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ५ च्या आसपास. दाढीच्या पारंपरिक साबणाचा सामू ९ ते १० असतो. वयोमानाने कोरड्या झालेल्या त्वचेला तो अधिकच रुक्ष करतो. मग क्रीम निर्धोक म्हणावे काय? तसेही नाही. ब्रशने भरपूर फेसाळणारी बहुतेक क्रीमे मुळात मऊ साबणच असतात. हाताने चोळायची, फेस न होणारी क्रीमे तुलनेने सौम्य; तीही सुगंधविरहित निवडावीत. मेन्थॉलचा गारवा सुखद खरा, पण नाजूक त्वचेला तो झोंबतो.

काहीही लावण्यापूर्वी कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटे गालांवर ठेवावा. केस मऊ होतात, पाते ओढत नाही. नंतर केसांच्या दिशेनेच हात चालवावा. तुरटी फिरवण्याची सवय जुनी असली, तरी कोरड्या त्वचेला ती सोसत नाही.

रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास मात्र साबण की क्रीम हा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि विजेवर चालणारे दाढीचे यंत्र वापरावे. तरीही कापलेच, तर स्वच्छ कापड १० मिनिटे न उचलता दाबून धरावे. रक्त न थांबल्यास डॉक्टरांकडे जावे.