“माझ्या आईला कोण मोजणार?”

मंचर, घोडेगाव, डिंभे करीत एस.टी. आहुप्याला पोहोचते आणि रस्ताच संपतो. पुढे सह्याद्रीचा तुटलेला कडा, खाली कोकण. माझी भाची इथे प्राथमिक शिक्षिका आहे. गेल्या माघात चार दिवस विसाव्याला म्हणून गेले, तर तिने मलाच वर्गावर उभे केले!

“मावशी, २०११ साली तू पुण्यात घरोघर हिंडून जनगणना केलीस ना? मग पोरांना तूच समजावून सांग.”

निवृत्त झाले तरी खडूची खाज जात नाही. मोठ्या उत्साहाने सुरुवात केली. आपले आजे-पणजे हिला खानेसुमारी म्हणत. पहिला प्रयत्न १८७२ चा. १८८१ पासून दर दहा वर्षांनी गणती झाली, १९४१ साली महायुद्ध चालू असतानाही झाली आणि २०२१ ची मात्र करोनामुळे चुकली. २०११ साली आपण १२१ कोटी भरलो. त्यावरची शून्ये फळ्यावर काढून मागे वळते तो अर्धा वर्ग जांभया देतोय!

मग आकडे पुसले. म्हटले, “उद्या प्रत्येकाने आपल्या घरची गणती करून आणायची. नाव, वय, लिहिता-वाचता येते का.”

दुसऱ्या दिवशी कागद आले. एका आजीच्या वयापुढे लिहिले होते, ‘लई’. खरे तर यात हसण्यासारखे काही नाही. वय ठाऊक नसलेल्यांना प्रगणक जुन्या घटना विचारतात, तीच युक्ती मी मुलांना दिली. कोयनेचा भूकंप झाला, १९६७ च्या डिसेंबरात, तेव्हा आजी केवढी होती? पोरगा धावत घरी जाऊन आला. “पहाटे फळीवरची भांडी वाजली, तवा आज्जी माझ्याएवढी व्हती!” पोरगा नऊ वर्षांचा. वजाबाकी वर्गानेच केली. आमच्या पुण्यात वय काढणे याहून अवघड! पेठेतल्या एका पदवीधर बाईंनी मला ठामपणे ‘पस्तीस’ सांगितले होते आणि चहा घेऊन आलेला त्यांचा मुलगा बी.ए.ला होता.

एका चौथीतल्या मुलीच्या कागदावर मात्र दोनच नावे होती. तिचे आणि आजीचे.

“आई-बाबा गं?”

“ते हितं न्हाईत. नारायणगावला मजुरीला गेल्यात. होळीला येतील.” मग जरा थांबून म्हणाली, “बाई, माझ्या आईला कोण मोजणार?”

सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. तीन-चार घरांची हीच कथा होती. मी २०११ चा नियम सांगितला. ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत माणूस केव्हाही घरी असला तर घरी मोजायचा. सगळे दिवस बाहेर असला तर जिथे असेल तिथे. आणि ज्यांना छप्परच नाही त्यांना २८ च्या रात्री, उघड्यावर गाठून. त्या रात्री आम्ही बॅटरी घेऊन एका पुलाखाली गेलो होतो. ताडपत्रीतून एक बाई उठून बसली. पोलीस समजून आधी भांडी आवरू लागली; मग म्हणाली, “आमची बी नावं लिवता व्हय?”

नियम चोख असला तरी मजुरांच्या पालापर्यंत कोणी पोहोचले नाही तर ही माणसे दोन्हीकडून निसटतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती माणसांना सवलतीचे धान्य द्यायचे, हे २०११ च्या आकड्यांवरून ठरले आहे. आदिवासींच्या राखीव जागाही गणतीवरूनच ठरतात. तेव्हा एक आई गळणे ही काही वहीतली बेरीज चुकणे नव्हे.

पुढच्या गणतीसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरली आहे. होळी त्यानंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे तिचे आई-बाप तेव्हा बहुधा बागायतीतच असतील.

त्या संध्याकाळी भाचीच्या फोनवरून मुलगी आईशी बोलली. “गणतीवाली बाई आली तर पळू नगं. नाव सांग. बाबांचं बी.” पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आले नाही, मुलगी मात्र खुदकन हसली. मग तिने आपला कागद मागून घेतला आणि खालच्या मोकळ्या जागेत, चौकट आखून, लिहिले : ‘नारायणगाव – २’.