जागतिक साथ व हृदयविकाराचा झटका

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणारी रोहिणी बहुधा रक्ताच्या गुठळीने एकाएकी बंद पडून स्नायूंचा काही भाग मृत होणे, यास हृदयविकाराचा झटका म्हणतात. संसर्गजन्य रोगाची जागतिक साथ या विकाराची तीव्रता व त्यातील मृत्यूचे प्रमाण दोन प्रकारे वाढविते : रोगसंसर्गाच्या प्रत्यक्ष परिणामाने व उपचारास होणाऱ्या विलंबाने.

प्रत्यक्ष परिणाम : श्वसन तंत्राच्या तीव्र संसर्गात शरीरभर शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो. त्यामुळे रोहिणीच्या भित्तीत साचलेला वसायुक्त थर फुटण्याचा संभव असतो व रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ज्वरामुळे हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते. फुप्फुसे विकारग्रस्त असल्यास पुरवठा मात्र घटतो. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इन्फ्ल्यूएंझाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण एरवीच्या सु. सहापट आढळले.

विलंबाचा परिणाम : रोहिणी पूर्ण बंद पडल्यावर सु. अर्ध्या तासात स्नायुपेशी मरू लागतात व पुढील काही तासांत मृत भाग हृदयाच्या आतील थराकडून बाहेर पसरत जातो. या अवधीत गुठळी विरघळविणारे औषध देऊन अथवा फुगा व स्टेंट यांच्या साहाय्याने रोहिणी मोकळी केल्यास स्नायू वाचतो. उशीर झाल्यास हृदयाची कार्यक्षमता कायमची घटते. क्वचित निलयांमधील पडदा फाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या आठवड्यात इटलीतील ५४ रुग्णालयांत झटक्याचे ३१९ रुग्ण दाखल झाले. २०१९ मधील त्याच आठवड्यात ही संख्या ६१८ होती. रोहिणी पूर्ण बंद पडल्याने येणाऱ्या तीव्र झटक्याचे रुग्ण २६·५ टक्क्यांनी, तर दुसऱ्या प्रकारचे ६५·१ टक्क्यांनी घटले. तीव्र प्रकारातील मृत्यूंचे प्रमाण मात्र ४·१ वरून १३·७ टक्क्यांवर गेले. भारतात १८७ रुग्णालयांच्या पाहणीत २०१९ मध्ये २५,४१४ आणि २०२० मधील त्याच कालखंडात १६,४१८ रुग्ण नोंदले गेले. ही घट ३५·४ टक्के होती.

या आकड्यांवरून झटकेच कमी झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. संसर्गाची भीती, वाहतुकीवरील निर्बंध व छातीतील वेदना अपचनाची समजण्याची चूक यांमुळे अनेकजण घरीच राहिले असावेत. सौम्य रुग्ण न आल्याने दाखल झालेल्यांत गंभीर रुग्णांचा वाटा वाढतो. म्हणून मृत्युप्रमाणातील सर्व वाढ केवळ विलंबाची मानणेही योग्य नव्हे. काही रुग्णांना कोविडचाही संसर्ग झालेला होता.

संसर्गाचा प्रत्यक्ष परिणाम पूर्णपणे टाळणे कठीण असते. विलंब मात्र बऱ्याच अंशी टाळता येतो. त्यासाठी साथीच्या काळातही हृद्‌रुग्णांसाठी स्वतंत्र प्रवेशमार्ग व रुग्णवाहिका चालू ठेवणे आवश्यक असते. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात पसरणारी कळ, दरदरून घाम वा श्वास लागणे ही लक्षणे दिसताच रुग्णाने तत्काळ रुग्णालय गाठावे. कारण अशा वेळी घरी थांबण्यातील धोका सामान्यतः रुग्णालयातील संसर्गाच्या धोक्याहून मोठा असतो.